डाव्या हाताचं ताट

माझी जाऊ सावरली, आणि तेच मला सहन झालं नाही. असं उघड लिहायला लाज वाटते. पण वाटते तर वाटू दे, आता या वयात कोणापासून काय लपवायचं!

माझे दीर अचानक गेले. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. त्यानंतरचे पंधरा दिवस मी तिच्या उशाशी होते. तिला धरून रडले, चमच्याने पेज पाजली. आणि चार महिन्यांनी बाईसाहेबांनी स्कूटी घेतली. बावन्नाव्या वर्षी! इथे उज्जैनमध्येच, नानाखेड्याला तिच्या कॉलनीच्या मैदानात शिकली, दोनदा पडली, गुडघा फोडून घेतला आणि एके दिवशी हेल्मेट घालून थेट आमच्या दारात फ्रीगंजला हजर. "वहिनी, बघा, टावर चौकाच्या ट्रॅफिकमधून आले, एक ओरखडा नाही!" मी तोंडभर कौतुक केलं. आत मात्र काहीतरी टोचलं. मला लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत सायकलसुद्धा धड आली नाही.

मग आमच्याकडे वीज कोसळली. दिवाळीच्या आधी आमच्या यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. "हां" आणि "ना" एवढंच उरलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. बोलायला लागला की समोरच्याची सुट्टी नाही, असा. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

उज्जैनमध्ये राहायचं म्हणजे घरात कोणी आजारी असो की काही असो, पाहुणे येणारच. दर्शनाला आले की उतरायला आमचंच घर. पुण्याचे, नागपूरचे, कुठले कुठले. भस्म आरतीचा नंबर लागला की नाही ते आधी विचारायचे, मग यांच्या खोलीत डोकावायचे आणि मग मला समोर बसवून ज्ञान द्यायचे. "महाकालाच्या नगरीत राहता, तुम्हाला कसली काळजी?" आणि मग हटकून, "तुमच्या जाऊबाई बघा हो, किती हिमतीच्या! तुम्हीपण जरा तसं व्हा." अहो, तसं व्हा म्हणजे काय? दुकानात मिळतं का ते? चहाचे कप उचलताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका गोष्टीत मात्र तिला माझ्यापुढे जाता येणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. यांचं सगळं मी करायचे. स्पंजिंग, औषधं, आणि जेवण तर माझ्याच हातचं आणि माझ्याच हाताने. वरणभात कालवायचा, लहान लहान घास करायचे, यांच्या डाव्या गालात सारायचे, तोंड पुसायचं. यात पाऊण तास जायचा. तोवर माझं स्वतःचं जेवण गारढोण होऊन जायचं, आणि मी ते ओट्याशी उभ्याउभ्या संपवायचे. सात महिने. लोक बघायचे, मलाही बरं वाटायचं. हिंमत नसेल माझ्यात, पण सेवा तर आहे ना!

फिजिओथेरपीला येणारा मुलगा सुरुवातीपासून सांगत होता, "आंटीजी, सीधे हाथ का अभी भरोसा नहीं है। खाना उल्टे हाथ से करवाइए, खुद से।" मी हो हो म्हणायचे आणि तो गेला की विसरून जायचे. डाव्या हाताने जेवण? आमच्या घरात? पानावर बसून डावा हात ताटाला लागला तर सासूबाई ताट उचलून न्यायच्या. आणि यांचं तर विचारूच नका. आमचा मुलगा जन्माचा डावखुरा. लहानपणी तो डाव्या हाताने पोळी तोडायला लागला की हे त्याच्या बोटांवर फुटपट्टी मारायचे. रोज. लेकरू हुंदके देत उजव्या हाताने जेवायचं, आणि मी गप्प वाढत राहायचे. आता तो हैदराबादला असतो. त्याला फोनवर फिजिओचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "आई, बाबा नाही करणार."

मला ते ऐकून बरंच वाटलं. खरं सांगते.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जाऊ यायची, म्हणजे मला दोन तास बाहेरची कामं करता यावीत. मी यांना लवकर जेवू घालून निघायचे. पण त्या दोन दिवशी हे नीट जेवायचेच नाहीत. चार घास खाल्ले की तोंड मिटायचं. म्हटलं, भूक नसेल. एका शुक्रवारी मी औषधांची चिठ्ठी घरी विसरले आणि अर्ध्या रस्त्यातून ऑटो वळवून परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला. हसण्याचा. यांच्या हसण्याचा! सात महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. हे पलंगावर टेकून बसलेले, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर पोह्यांची बशी. टावर चौकातून आणलेले, वर शेव, जीरावन मसाला, बाजूला जिलबी. हे डाव्या हाताने खात होते. आणि समोर खुर्चीवर माझी जाऊ, तीही डाव्या हाताने. मुद्दाम! तिचे यांच्यापेक्षा जास्त सांडत होते. साडीवर शेव, जमिनीवर पोहे, नाकाला हळद. ती म्हणत होती, "दादा, चीटिंग नाही हं, बशी तोंडाला नाही लावायची," आणि यांचं अर्धं तोंड हसत होतं.

मी सात महिने गू-मूत काढलं, घास भरवले, आणि हे हसले कोणासाठी? पाच रुपयांची जिलबी घेऊन येणाऱ्या बाईसाठी!

"हे काय चाललंय माझ्या घरात?" माझा आवाज गल्लीत गेला असेल. यांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी तो पांघरुणाखाली लपवला, पोरं लपवतात तसा. मी जावेला बाहेरच्या खोलीत ओढत नेलं. डाव्या हाताने जेवायचं, तेही बिछान्यात, तेही बाहेरचं, असं सगळं सगळं तिला ऐकवलं. ती शांतपणे पदराने नाक पुसत होती.

"दोन महिने झाले, वहिनी," ती म्हणाली. "पहिल्यांदा तर घासाला हातच लावायचे नाहीत. लाज वाटते त्यांना. म्हणून मीपण तसंच खाते. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्हाला राग डाव्या हाताचा आलाय की माझा?"

"तुझा," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "सगळ्यांना तूच हवी असतेस. आता यांनापण तूच. सावरलीस ना तू? मग तुझ्या घरी सावर."

तिने मग हेल्मेट उचललं. "वहिनी, मला भरवायला पण कोणी नाही आणि मी ज्याला भरवावं असं पण कोणी नाही. म्हणून शिकले सगळं. काही शौक नव्हता." एवढं बोलून जिना उतरून गेली. स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून यांनी माझ्या हातून खाणं सोडलं. संध्याकाळी घास पुढे केला, तर तोंड घट्ट मिटलेलं. "ना." दुसऱ्या दिवशी तेच. दूध, पाणी, औषध घ्यायचे, पण घास नाही. मी रागावले, हात जोडले, देवाची शपथ घातली. "ना." चमचा डाव्या हातात दिला तर पांघरुणाखाली सरकवून ठेवला. माझ्या समोर ते खाणार नव्हते, आणि माझ्या हातून घेणारही नव्हते. चौथ्या दिवशी फिजिओचा मुलगा म्हणाला, "आंटीजी, ऐसे तो कमज़ोरी आ जाएगी, फिर एडमिट करना पड़ेगा।" मी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि स्वतःचं पान वाढून घेतलं. रोजच्यासारखंच. वर मीठ, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भात. उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने जेवायला लागले. बघू तरी, एवढं काय आहे त्यात.

आई गं! पहिलाच घास ओठाला लागून खाली. भाजी घ्यायची तर अख्खा हात ताटावरून आडवा न्यायचा, मनगट भातात बुडतं, बांगड्यांना वरण. आमटीच्या वाटीला धक्का, आमटी भातात. आणि जवळ काय, तर चटणी आणि लोणचं! आमचं ताट उजव्या हातासाठीच मांडलेलं असतं हो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. दहा मिनिटांत मला रडू आलं. त्यात यांच्यासाठी किती होतं आणि स्वतःसाठी किती, देव जाणे. पण हात धुऊन मी जावेला फोन लावला.

"रविवारी पुण्याच्या आत्या येताहेत दर्शनाला," मी म्हणाले. "आमरस-पोळी करतेय. पोळ्यांना हात लागेल, ये."

माफी मागितली नाही. मला जमत नाही. पलीकडून ती म्हणाली, "सकाळी दहाला येते."

मधले चार दिवस यांनी दुधावर आणि केळ्यावर काढले. केळं अर्धं सोलून उशाशी ठेवायचं आणि खोलीबाहेर जायचं, एवढं मी शिकले. परत यावं तर साल रिकामी.

आत्या म्हणजे यांच्या वडिलांची बहीण. ऐंशीच्या पुढच्या, सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या. पाहुणे असले की यांना मी आतल्या खोलीतच भरवत असे, कोणी बघायला नको म्हणून. त्या रविवारी यांना व्हीलचेअरवरून जेवायच्या टेबलाशी आणलं. हे नको नको करत होते. "ना. ना." मी ऐकलं नाही. टेबलावर चार पानं मांडली आणि यांचं पान मी स्वतः वाढलं. चटणी, कोशिंबीर, लोणचं उजवीकडे. भाजी आणि आमरसाची वाटी डावीकडे, हाताजवळ. पोळीचे तुकडेसुद्धा डावीकडे.

हे ताटाकडे बघत राहिले. नजर वाटीवरून चटणीवर, चटणीवरून वाटीवर. गणित तपासावं तशी. मग माझ्याकडे बघितलं.

आत्यांनी चष्मा सावरला. "अगं, चटणी उजवीकडे? विसरलीस की काय वाढायला?"

"नाही आत्या," मी म्हणाले. "यांचं पान आता असंच वाढतात आमच्याकडे. डाव्या हाताने जेवतात ना ते." मोठ्याने म्हणाले, यांना नीट ऐकू जाईल असं.

आत्यांनी आपल्या पानाभोवती पाणी फिरवलं. जाऊ तव्यावरची पोळी घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "हे मला नव्हतं सुचलं."

काय सांगू, किती गोड लागलं ते! एवढ्या मोठ्या दुखण्यात माणसाने असलं काही कानात साठवून ठेवू नये. मी ठेवलं. अजून आठवलं की बरं वाटतं. हेवा काही गेलेला नाही माझा. परवाच तिने यांना डाव्या हाताने रमीचे पत्ते लावायला शिकवलं, आणि माझ्या कपाळाला आठ्या आल्याच. मुलाला मात्र त्या दुपारी ताटाचा फोटो पाठवला. तो सुट्टी काढून पुढच्या आठवड्यात आला.

टेबलाशी यांनी पांघरुणाखालून, म्हणजे मांडीवरच्या शालीखालून, डावा हात बाहेर काढला. पोळीचा तुकडा आमरसात बुडवला. अर्धा रस शर्टावर, पण तुकडा तोंडात गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला रस हनुवटीवर ओघळला आणि सवयीने माझा हात पुढे झाला, घास करून भरवायला. यांनी तो हात मनगटाशी धरला. धरायला चांगलाच जोर होता. हळूच खाली नेला आणि माझ्या ताटात ठेवला.

मला त्या डाव्या हाताचा हेवा वाटला. सात महिने जे माझं होतं ते त्याने काढून घेतलं होतं. माझं मनगट रसाने चिकट झालेलं, डोळ्यांतून पाणी, समोर आत्या, जाऊ, सगळे. यांनी माझ्या ताटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हां."

मी जेवायला लागले. पोळी अजून गरम होती.