वालचंदनगरच्या कोर्टावरची अक्का

इंदापूर-बारामती एसटीला गर्दी असली आणि कंडक्टर मागे कुठेतरी तिकिटं देत अडकला, की तो तिथूनच ओरडायचा, "अक्का, डबल मारा!" अक्का गाडीत कुठेही उभी असो, घंटीची दोरी तिच्या हाताला लागायचीच. वर न बघता ती दोनदा दोरी ओढायची आणि पुन्हा हातातला पेपर वाचायला लागायची. सहा फुटांना एक बोट कमी, असं ती स्वतःच्या उंचीबद्दल सांगायची. ते एक बोट तिने कुणासाठी राखून ठेवलं होतं कोण जाणे. आम्हा पोरींना ती सहा फुटांच्या पुष्कळ वर वाटायची.

अक्का मूळची कळंबची. वडील कारखान्यात फिटर आणि घरचा थोडा ऊस. पोरीला बास्केटबॉलची आवड दिसली म्हणून वडिलांनी विहारासमोरच्या पटांगणात एका खांबावर लोखंडी रिंग ठोकून दिली. पण आपला नेम तिथे बसला नाही, असं अक्काचं ठाम मत होतं. ऊसतोड सुरू झाली की जनावरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला ती आईबरोबर फडात जायची. "माजा हात बसला तो वाढ्याच्या पेंढ्या ट्रॉलीत फेकून," ती सांगायची. "ट्रॉली भरत आली की पेंढी उंचावनं आत पडली पायजे. भाईर पडली की आय शिव्या द्यायची. तसला कोच मला पुन्ना मिळाला न्हाय."

बारामतीच्या कॉलेजात ती आली आणि पुढची तीन वर्षं तिथल्या कोर्टाभोवती बसायला जागा मिळेनाशी झाली. हे मी पाहिलेलं नाही. पण बारामतीत पन्नाशीच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो त्या कोर्टाच्या कठड्यावर बसलेला असतोच. कुणी सांगतं तिने एका सामन्यात निम्मे गुण एकटीने केले, कुणी सांगतं सगळेच केले. पेपरात आलेला तिचा फोटो स्टँडसमोरच्या सलूनवाल्याने आरशाला चिकटवून ठेवला होता म्हणे. बाप्यांच्या सलूनमध्ये पोरगी लटकतेय, याची तिच्या आईला फार लाज वाटायची आणि अक्काला फार गंमत वाटायची.

त्याच काळात तिला बघायला पाहुणे आले. आईने सक्त ताकीद दिली होती, काय वाटेल ते झालं तरी उठायचं नाही. त्याप्रमाणे अक्काने बसूनच चहा पुढे केला, बसूनच नाव-गाव सांगितलं आणि सगळं जमत आलं. मग मुलाच्या मामाने "जरा चालून दावा" म्हटलं. "उठले बग मी," अक्का सांगायची, "आन् उठतच ऱ्हायले. मामा वर बगत ऱ्हायला, त्याची टोपी मागच्या मागं पडली." हे सांगताना ती इतकी हसायची की ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारता यायचं नाही. तिने लग्न केलं नाही. त्यामागे टोपीखेरीज दुसरं काही होतं का, हे विचारायचं धाडस आमच्यातल्या एकीलाही झालं नाही.

कॉलेजातून ती विद्यापीठाच्या संघात गेली, तिथून राज्याच्या, आणि मग मुंबईच्या एका बँकेने तिला खेळासाठी नोकरीवर घेतलं. अकरा वर्षं ती त्या बँकेच्या संघाकडून खेळली. मध्ये दक्षिणेत कुणीतरी बायकांची व्यावसायिक लीग काढली, तिथेही तिला मानाने बोलावून नेलं. पोस्टरवर तिचा फोटो लागला आणि हंगाम संपायच्या आत लीगच बंद पडली. मुंबईबद्दल ती फारसं बोलायची नाही. "सकाळी खेळायचं, दुपारी कौंटरवर बसायचं. मी उठून उभी ऱ्हायले की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं," एवढंच. मग एका सामन्यात तिचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशननंतर तो चालण्यापुरता परत आला, खेळण्यापुरता आला नाही. तिने बारामतीच्या शाखेत बदली मागून घेतली. सगळी दुनिया जिला पुढचा सामना कधी म्हणून विचारायची, तिला आता लोक पासबुक कधी मिळेल ते विचारू लागले. हे तिला किती लागलं असेल, ते मला माझी तिशी उलटल्यावर कळलं.

वालचंदनगरला कारखान्याच्या कॉलनीत, क्वार्टर्सच्या मागे एक जुनं सिमेंटचं कोर्ट होतं. उन्हाळ्यात बायका त्यावर कुरडया वाळत घालायच्या. अक्काने त्यांच्याशी गोडीगुलाबीने बोलून अर्धं कोर्ट मिळवलं, मग पुरं मिळवलं, आणि आसपासच्या गावांतल्या मुली तिथे जमवल्या. मी नववीत होते, लासुर्ण्याहून सायकलवर यायचे. पहिल्या दिवशी आम्ही तिला मॅडम म्हटलं. "मॅडम बँकंत ठिवून आलीया," ती म्हणाली. "हितं अक्का म्हना, आन् तूच म्हना. बॉल मागताना तुमी-आपण करत बसला तर मॅच संपायची." आमची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत मात्र ती पडली नाही. मुली गावावरून ओळखल्या जायच्या. "ए कळंब, गुडघं वाकव! ए लासुर्णे, झोपली काय?" स्वतः ती दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसायची आणि गुडघा ठणकला की त्याच्याशीच बोलायची, "गप बस, तुजं झालंय समदं."

आमच्या भागात कालव्याचं पाणी नंबराने मिळतं. दुसऱ्याचा नंबर असताना जो पाणी आपल्याकडे वळवतो, त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कोर्टावर अकरा मुलींत दोनच बॉल होते, म्हणून रिंगकडे टाकायचेही आम्ही आपसात नंबर लावून घेतले. अक्का बँकेतून पोचायच्या आधी आमचा हा सराव अगदी बिनबोभाट चालायचा, त्यामुळे तिला याचा पत्ताच नव्हता. मग बारामतीत आमचा पहिला सामना झाला. बॉल माझ्या हातात होता, रिंगखाली मी एकटी होते, अडवायला समोर कुणी नव्हतं. मी वळले आणि तो बॉल पार मागे उभ्या असलेल्या कळंबच्या मुलीकडे फेकून दिला. बघणारे पोट धरून हसले.

अक्काने टाइमआउट घेतला. "का गं टाकला न्हाईस?"

"माजा नंबर नव्हता," मी म्हटलं.

"कसला नंबर?"

"आता कळंबचा हाय. मग निमगावचा. मग माजा."

अक्का एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मग ती तिथेच खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पोरींनो," शेवटी तोंड पुसत म्हणाली, "पान्याचा नंबर पान्याला. हितं जी मोकळी तिनं टाकायचा." तो सामना आम्ही सपाटून हरलो.

बाकीच्या मुली हे आठवड्याभरात शिकल्या. मला जमेना. माझा हात सगळ्यांत चांगला होता, हे अक्काला कळलं होतं, मुलींनाही कळलं होतं आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटायची. पुढची सहा-सात वर्षं अक्का क्रेटवरून मला एकच शब्द ओरडत राहिली, "टाक!" मी टाकायचे, बॉल रिंगमधून खाली यायचा आणि मी लगेच इतरांच्या तोंडाकडे बघायचे. "त्यांच्याकडं काय बगतीस?" ती चिडायची. "कुनाच्या ताटातलं खाल्लंस काय तू?"

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या त्या मुंबईच्या बँकेच्या संघाची निवड चाचणी पुण्यात निघाली. एकच जागा होती आणि तिच्याबरोबर नोकरी. अक्काने माझा फॉर्म भरला, माझ्या मापाचे बूट आणले. रविवारी सकाळी सातला बारामती स्टँडवर भेटायचं ठरलं. आपण जिथे थांबलो तिथून पुढे आपल्या कोर्टावरची एक तरी मुलगी जावी, एवढंच तिने आयुष्याकडे मागितलं होतं, आणि ती मुलगी मी होते. तोंडाने ती असलं काही बोलायची नाही. पण त्या आठवड्यात ती क्रेटवर बसलीच नाही, सारखी कोर्टाभोवती लंगडत फिरत होती.

शनिवारी माळशिरसकडच्या पाहुण्यांचा निरोप आला, उद्या मुलगी बघायला येतो. माझे वडील, म्हणजे तात्या, लगेच म्हणाले, "त्यास्नी फुडच्या रविवारी बोलवू. तू जा पुन्याला."

"नको," मी म्हटलं. "येऊ द्या पाहुन्यास्नी."

तात्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी नको म्हटलं. पुण्याच्या त्या कोर्टावर मला एकटीलाच टाकायचं होतं. नेम बसला असता तर दुसऱ्या कुणाची तरी जागा मी घेतली असती, आणि चुकला असता तर अक्काला तोंड दाखवता आलं नसतं. दोन्हीची मला सारखीच धास्ती होती. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि मुलगी फार उंच आहे असं कळवून मोकळे झाले.

सोमवारी मी कोर्टावर सांगितलं, "तात्यांनी सोडलं न्हाय." अक्का "बरं" म्हणाली आणि सराव सुरू झाला. मुलींनी मात्र ही गोष्ट गावोगाव नेली. चहाच्या हॉटेलात लोक तात्यांना तोंडावर म्हणायचे, "तात्या, पोरीचं वाटुळं केलंस." तात्या चहा संपवायचे आणि म्हणायचे, "व्हय, चुकलंच." घरी येऊन ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीही माझं खोटं निस्तरलं नाही. आधी लाज वाटत होती, नंतर फार उशीर झाला होता.

पुढे माझं लग्न बारामतीतच झालं, शाळेत नोकरी लागली, दोन मुलं झाली. अक्का प्रत्येक कार्याला आली, दारातून वाकून आत, वाकून बाहेर. तात्या दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा ती सगळ्या बायकांच्या मागे उभी होती आणि तरी मला सगळ्यांत आधी तीच दिसली. इतक्या वर्षांत त्या रविवारचं नाव तिने काढलं नाही. तिने मला एकदा ताडताड बोलावं, यासाठी मी अक्षरशः तरसले. कॉलनीवरून जाताना कोर्टावरून तिचा "टाक!" ऐकू यायचा, आता तो दुसऱ्याच कुणासाठी असायचा.

गेल्या महिन्यात कळलं की अक्काने बँकेतून लवकर निवृत्ती घेतली. आसामात मुलींची एक अकादमी निघाली आहे, तिथे तिला मुख्य कोच म्हणून बोलावलंय. मी तडक कळंबला गेले. ती पलंगावर बॅग उघडून स्वेटर भरत होती.

"अक्का, एक सांगायचंय," मी उभ्याउभ्याच म्हटलं. "त्या रविवारी तात्यांनी मला अडवलं नव्हतं. मीच न्हाय म्हनले."

अक्काने हातातल्या स्वेटरची घडी पुरी केली. "ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"त्याच दिवसापासनं. तात्या आलते की स्टँडवर, सातच्या ठोक्याला. म्हनले, 'मास्तरीणबाई, पोरगी भ्यालीया. लई सांगून बगितलं, ऐकंना. उद्या ती माजं नाव सांगंल, तर सांगू द्या. बापाचा आडोसा लागतुया तिला, लागतुया तवर असू द्या.'"

मी खालीच बसले. हॉटेलात मान खाली घालून चहा पिणारे तात्या मला दिसत होते. त्यांनी तो आडोसा मरेपर्यंत धरला होता, आणि ते गेल्यावर अक्काने. अक्काने मला पोटभर रडू दिलं. मग भिंतीवरच्या खिळ्याची एक किल्ली काढून माझ्यापुढे धरली. कोर्टामागच्या खोलीची, जिथे बॉल ठेवतात.

"चौदा पोरी हायत. सोमवारपासनं तू बगायचं."

"अक्का, घरी ह्यास्नी इचारून सांग..." एवढं तोंडातून गेलं आणि ते माझं मलाच ऐकू आलं. माझा नवरा साधा माणूस आहे, त्याने मला आजवर कशाला नाही म्हटलेलं नाही. अक्का किल्ली धरून उभी राहिली.

"न्हाय," मी म्हटलं. "कुनाला इचारायचं न्हाय. येते मी सोमवारी."

अक्का शुक्रवारी गेली. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मी कोर्टावर होते. चौदा मुली आता पुढे काय, म्हणून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्या क्षणी मला अक्का हवी होती, आणि पाठीशी तात्या हवे होते. सवयीने मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.