वेलचीच्या वासाची अमेरिका

अमेरिकेतलं यादवी युद्ध मस्कतमध्ये, बौशरच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर लढलं गेलं, ही बातमी अमेरिकेतल्या इतिहासकारांपर्यंत अजून पोचलेली नाही. पोचेल सावकाश. त्या युद्धाचे दोन्ही बाजूंचे सेनापती म्हणजे आमचे जाहीरनामेकाका. मूळचे दापोलीचे, नोकरी रुसैलच्या कारखान्यात. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनायच्या आणि काका तिथले अ‍ॅडमिन. आवाज असा, की बाल्कनीत नुसते खाकरले तरी खालच्या पार्किंगमधल्या गाड्या घाबरून अलार्म वाजवायच्या.

आखातात आलेला माणूस सोनं जमवतो, अत्तरं जमवतो, गावाकडे प्लॉट जमवतो. काका दुसऱ्यांच्या गुलामगिरीचे कागद जमवत. दक्षिणेच्या राज्यांनी फुटून निघताना काढलेली पत्रकं, पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती, गुलामांच्या खरेदीखतांच्या नकला. इंटरनेटवरून उतरवायचे आणि ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचे. पण पांढऱ्याशुभ्र कागदावरचं बंड पाण्याच्या बिलासारखं दिसतं, असं त्यांचं मत. मग ते कागद परातीत, उरलेल्या चहात बुडायचे, दोरीवर वाळायचे आणि काकू त्यांना इस्त्री करायच्या. दक्षिणेची अख्खी बंडखोरी ह्या बाईच्या इस्त्रीखालून गेली, पण कुठल्याही पुस्तकात तिचे आभार नाहीत. चहा वेलचीचा असे, त्यामुळे त्यांच्याकडे गुलामगिरीला छान वास यायचा. एकदा साखर जास्त झाली आणि साउथ कॅरोलिनाला मुंग्या लागल्या. दोन दिवसांत त्यांनी ते राज्य समुद्रापर्यंत खाल्लं. उत्तरेच्या फौजेला चार वर्षं लागली होती.

"मूळ कागद वाच," हे त्यांचं पालुपद. आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या प्रसादावरून फूट पडली, म्हणजे उकडीचे की तळणीचे, ह्या जागतिक प्रश्नावर अर्धं मंडळ बाहेर पडायला निघालं. तेव्हा काका सभेत उभे राहिले आणि दक्षिणेचं एक पत्रक वाचता वाचता मराठी करत गेले. "ऐका नीट. पुढे ह्यांचे नातू म्हणाले, आमचं भांडण तत्त्वाचं होतं, राज्यांच्या हक्कांचं होतं. पण आजोबांनी तेव्हाच सही ठोकून लिहिलंय, की आम्हाला गुलाम हवेत. तुम्हीपण लिहून द्या. तत्त्व नको, मोदक लिहा." कोणी लिहून दिलं नाही. मंडळ अखंड राहिलं. अध्यक्षांनी हे श्रेय स्वतःच्या भाषणाला दिलं.

दुसरं वेड ‘वगळून’चं. उंच टोपीवाल्या दाढीवाल्या अध्यक्षाने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, त्यात अमुक परगणे वगळून, तमुक जिल्हे वगळून, अशी यादी आहे. काका त्या यादीवर तासभर बोलत. "म्हणजे बघ, जिथं ह्याचं कोणी ऐकत नव्हतं तिथले गुलाम ह्याने मोकळे केले. जिथं ह्याचं चालत होतं तिथले राहू दिले. तरी कागद मोठा आहे हां, नाही म्हणत नाही. पण कुठलाही सुटकेचा कागद हातात आला की आधी शोधायचं, वगळून कुठं आहे?" पुढे हा प्रश्न ते सगळीकडे विचारू लागले. मॉलमधल्या सेलच्या पाटीखाली उभे राहून विचारत. लग्नपत्रिकेत ‘सहकुटुंब’ लिहिलेलं असलं तरी विचारत.

आता एवढा मोठा स्वातंत्र्यप्रेमी माणूस कारखान्यात काय करायचा? तर तिजोरीची किल्ली सांभाळायचा. तिजोरीत कामगारांचे पासपोर्ट. दुसऱ्याचे पासपोर्ट कायद्याने असे ठेवता येत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याला ठेवणं म्हणत नसत, ‘सुरक्षित ठेवणं’ म्हणत. किल्ली काकांच्या कमरेला लटकायची आणि ते गुलामांच्या साखळ्यांवर बोलताना हातवारे करू लागले की ती छान वाजायची. पार्श्वसंगीतच ते. आम्हाला कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सुशिक्षित लोक.

तो शुक्रवार. सुट्टी, काकांकडे मिसळ, आणि मिसळीबरोबर वाचन. शेजारी म्हणून मी होतो, मंडळातली चार डोकी होती आणि मत्रहच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले रत्नागिरीचे हुसेनभाई होते. त्या दिवशीचा विषय, पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती. काकूंनी दोरीवरून नुकतेच काढलेले, इस्त्रीचे गरम कागद आणून दिले. काकांनी चष्मा लावला.

पहिल्या जाहिरातीतला गुलाम सुतार होता. दुसऱ्यातला लंगडत होता. आम्ही च्‌ च्‌ करत शेव टाकून घेत होतो. तिसरा कागद काकांनी भसाड्या आवाजात सुरू केला. "फरार. वय अंदाजे तीस. बांधा सडपातळ, डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. वेल्डिंगचं काम उत्तम जाणतो. बोलायला नम्र. ह्या इसमास जो कोणी आसरा देईल तो गुन्ह्यास पात्र राहील."

"काय नीच माणसं होती," मी म्हणालो. मालकाला ह्याहून कडक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

"माहिती मिळाल्यास कळवावे," काका वाचत होते, "अ‍ॅडमिन विभाग, रुसैल..."

आणि मस्कतमधल्या सगळ्या गाड्या गप्प झाल्या.

झालं होतं असं. काकांच्या कारखान्यातला सदू, गुहागरकडचा वेल्डर, कामगारांच्या कॅम्पमधून नाहीसा झाला होता. जनरल मॅनेजरसाहेबांनी, म्हणजे आपल्याच मुलखातल्या एका सुसंस्कृत गृहस्थांनी, पेपरात द्यायची नोटीस टाइप करून काकांच्या फायलीत घातली होती. शनिवारी तपासून सही करायची, रविवारी छापायला पाठवायची. फाईल घरी आली आणि काकूंनी त्यातले सगळे कागद बिनबोभाट चहात बुडवले.

"अगं, ही ऑफिसची आहे," काका म्हणाले.

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "मला तुमचे सगळे कागद सारखेच दिसतात."

हुसेनभाईंनी मिसळीची वाटी खाली ठेवली. "काका, तो माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहे. आईची तब्येत लय खराब हाय त्याच्या, आता जाते की मग जाते. सुट्टी मागितली तर तुमचे साहेब बोलले, काम पुरा झाल्याशिवाय कोणाला नाही. पासपोर्ट मागितला तर बोलले, सुरक्षित हाय. मग आला माझ्याकडे. मी आसरा दिला. लिवा माझं पण नाव खाली."

"हुसेनभाई, तुमचं नाव कशाला..."

"नाय, लिवा. कागद पुरा पायजे ना? तुम्हीच तर सांगता."

काका नोटीस घेऊन बाल्कनीत गेले. नोटीस छापली की सदू कागदोपत्री पळपुटा. मग पोलीस, मग कोठडी, आणि आई त्याची वाट बघत असतानाच जाणार. हे सगळं एका सहीवर होतं, आणि ती सही करणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वीच्या मालकांवर संतापून संतापून घसा बसलेला.

शनिवारी काका एकटे रुसैलला गेले आणि तिजोरी उघडली. सदूचा पासपोर्ट मत्रहला नेऊन त्याच्या हातात दिला. संध्याकाळच्या विमानाने तो गेला. आईने ओळखलं त्याला. पहिला प्रश्न विचारला, खजूर आणलेस का. हुसेनभाईंनी आणायला लावले होते.

पण एकावर थांबतील तर ते जाहीरनामेकाका कसले. रविवारी सकाळी कॅम्पच्या दारात कंपनीची बस उभी होती. काका पायरीवर चढले आणि चहात बुडवलेला, इस्त्री केलेला कागद उलगडला. ह्या वेळी स्वतः लिहिलेला. हिंदीत होता. "जिसका पासपोर्ट, उसके पास. कोई भी वगळून नहीं." ‘वगळून’ला ऐन वेळी हिंदी शब्द सापडला नाही. मग पिशवीतून एकेकाचं नाव घेऊन वाटप. मुक्तीचा तो क्षण बघून कामगारांच्या डोळ्यांत पाणी आलं असं लिहायची मला फार इच्छा आहे. प्रत्यक्षात एक बिहारी पोरगा घाबरून म्हणाला, "साब, कंपनी बंद हो गया क्या?" त्याला समजावण्यात बस लेट झाली. यल्ला, यल्ला, म्हणून ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला.

काकांनी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली, राजीनामा ठेवला आणि छाती काढून घरी आले. मी जिन्यातच गाठलं, म्हटलं, काका, कमाल केलीत. काकूंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "आणि तुमचा?"

"माझा काय?"

"पासपोर्ट. तो पण त्याच तिजोरीत ना? सगळ्यांना सोडवलंत. मग वगळून कोण राहिलं?"

काकांनी एक बूट काढला, दुसरा पायातच राहिला. त्यांनी कामगारांची नावं वाचून पासपोर्ट काढले होते. आपण त्या यादीत बसतो हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, की काळजी नको, तुमचा पासपोर्ट सुरक्षित आहे. शेवटी कंपनीचे अर्बाब सलालाहून परतले. म्हातारा, अबोल ओमानी मालक. त्यांनी स्वतः तिजोरी उघडली, काकांचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि हिंदीत विचारलं, हे माझ्या तिजोरीत काय करत होतं? त्यांना खरंच माहीत नव्हतं, की मग त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, हे मूळ कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. मग त्यांनी काकांचा तो जाहीरनामा मागितला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "हेल?" वेलचीला तिकडे हेल म्हणतात. काका म्हणाले, हो. अर्बाबनी मान डोलावली, जाहीरनामा घडी करून खिशात घातला आणि खलास म्हणून निघून गेले.

काका-काकू दापोलीला परतले. विमानतळावर मी विचारलं, "एवढी अमेरिका गोळा केलीत, न्यायची नाही?" काकू म्हणाल्या, "सामानात इस्त्री बसली, तेवढं पुरे." काकांनी मला एक कागद दिला. सदूची नोटीस. खाली सहीची जागा कोरी. "ठेव," म्हणाले, "मूळ प्रत आहे."

मी ती फ्रेम करून स्वयंपाकघरात लावली आहे. त्या शुक्रवारी पाहुण्यांच्या गडबडीत काकूंच्या चहात पुन्हा साखर जास्त पडली असणार, कारण पहिल्याच उन्हाळ्यात फ्रेमच्या आत मुंग्या शिरल्या. त्यांनी सदूची भुवई सोडली, बांधा सोडला, वेल्डिंग सोडलं. फक्त वरचा ‘फरार’ तेवढा खाल्ला. खोटं वाटत असेल तर बौशरला या आणि मूळ कागद वाचा.