आधी धार, मग कान

हौसाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. सुनीतावहिनी, म्हणजे आत्याची सून, एवढंच म्हणाली, "आत्याबाई गेल्या. सकाळची धार काढून झाली व्हती." हे दुसरं वाक्य तिनं का सांगितलं, ते मला विचारावं लागलं नाही. धार अर्धवट टाकून उठणाऱ्यातली आत्या नव्हतीच... महिना होत आला त्याला.

कोळवणला आत्याच्या दारात दहा-बारा शेळ्या कायम असायच्या. गावठी, बुटक्या, आखूड कानांच्या, पण दुधाला चोख. पौडच्या शेळ्यांच्या प्रदर्शनात तिनं एकदा लांब कानांची, बाकदार नाकाची, उंच शेळी पाहिली आणि बाई पार वेडी झाली. तसल्याच जातीचा बोकड तिनं आणला. त्याची लेक राणी वीतभर कान हलवत प्रदर्शनात उभी राहिली आणि पहिली आली. आत्यानं आळीभर पेढे वाटले. पुढे राणी व्यायली, जुळी करडं झाली आणि दूध काही दोघांना पुरेना. शेवटी आत्यानं ती ठेंगीच्या दुधावर जगवली. ठेंगी म्हणजे गोठ्यातली सगळ्यात कुरूप शेळी. "नंबर मी मिरवला, आन् उपाशी ऱ्हायली ही लेकरं," असं ती मला म्हणाली होती. स्वतःची चूक इतक्या सरळ कबूल करणारी माणसं आमच्या घराण्यात फार नाहीत, आणि त्या थोड्यांत मी मोडत नाही.

तेव्हापासून तिनं हट्टच धरला, की रूप आणि दूध एकाच शेळीत आणून दाखवीन. बोकड घ्यायचा तर आधी त्याच्या आईचं दूध बघायचं, तेही मालकाच्या शब्दावर नाही. संध्याकाळी त्या शेळीची कास आपल्या हातानं पुरती रिकामी करायची, तिथंच मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा स्वतः धार काढून माप भरतंय का ते बघायचं. आधीचं दूध तुंबवून कुणी फसवायला नको. घोटावड्याला असाच एक बोकड बघायला मीच तिला गाडीनं नेलं होतं. स्थळ बघायला आल्यासारख्या काय चौकश्या करताय, म्हणून मालक चिडला. आत्या म्हणाली, मग, सोयरीकच हाय की. मला तिथं तोंड कुठं लपवू असं झालं होतं. त्याच बोकडापासून ठेंगीला मोगरी झाली.

गोठ्यात एकाच खिळ्याला लिटरचं माप आणि शिवणाची टेप अडकवलेली असायची. आत्या आधी माप काढायची, धार झाली की मग कान मोजायला टेप. मोगरीचे कान राणीएवढे नव्हते, पण माप भरून उतू जायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळची धार सहसा कुणी काढत नाही. कास तट्ट दिसते, पंच खूश होतात. मोगरीला न्यायचं ठरलं तेव्हा मीही आत्याला तेच सुचवलं. तिनं ऐकून घेतलं आणि माप घेऊन खाली बसली. "तिला कळ लागती. माज्या नंबरासाठी तिनं का सोसावं?" मोगरी दुसरी आली. मी हळहळत होते, आणि ही बाई परतीच्या जीपमध्ये, दोन्ही करडं पिऊन वर लिटरभर उरतंय, हे ड्रायव्हरला रंगवून सांगत होती. तिच्याइतकी ताठ मानेनं दुसरी आलेली बाई मी पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा प्रदर्शन होतं. मोगरीची लेक शेवंती जाणार होती. आदल्या दिवशी मी वहिनीला फोन केला, म्हटलं, या खेपेला धार राहू दे, आत्याच्या नावानं पहिला नंबर येऊ दे... ती नुसती हं म्हणाली. सकाळी मी पोचले तर खिळ्याला टेप एकटीच लटकत होती. वहिनी फेसाळलेलं माप घेऊन गोठ्यातून बाहेर आली. काठोकाठ होतं.

"आत्याबाई न्हाईत, म्हनून शेवंतीला कळ लागायची थांबली का?"

वहिनीनं दूध ओतून ठेवलं, माप विसळून खिळ्याला अडकवलं आणि टेप काढून माझ्या हातात दिली.

"ताई, आता कान मोजा."

शेवंतीचे कान मोगरीपेक्षा दोन बोटं लांब भरले.