काय पाहिलंस, ते सांग

अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या दिशेनं एक संत्रं फेकलं. पाठीवर सॅक होती, हातात ओली छत्री होती. छत्री सोडून देऊन मी ते संत्रं कसंबसं छातीशी धरलं.

"छातीवर घेतलंस," ते म्हणाले. "हातात घ्यायला शिकशील हळूहळू. ये आत."

मागून त्यांच्या पत्नी आल्या, उषाकाकू. "घाबरू नको गं. हे सगळ्यांनाच फेकून मारतात. परवा कुरिअरवाल्याला मारलं. तो बिचारा यांनाच सॉरी म्हणाला."

हे दिनकरकाका. मूळचे काटोलचे, संत्र्यांच्या मुलखातले. ट्रामच्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर म्हणून त्यांची उमेदीची वर्षं मेलबर्नला गेली. निवृत्त झाल्यावर मुलाजवळ राहायचं म्हणून ते अमेरिकेत आले. पुढे मुलाला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, आणि त्या घरात हे दोघंच राहिले. मेलबर्नहून त्यांनी एकच वेड सोबत आणलं होतं, तिथला फुटबॉल. आपल्याला माहीत असलेला नव्हे. हा लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूनं खेळतात. हवेतून आलेला चेंडू कुणी झेलला की बाकीच्यांनी क्षणभर मागे व्हायचं आणि झेलणाऱ्याला निवांत पाय मारू द्यायचा. तो झेल छातीवर घेतला तरी चालतो, पण खरा कसलेला खेळाडू हात पुढे करून बोटांत घेतो. म्हणून संत्रं. इथल्या दुकानातलं जाळीच्या पिशवीतलं ते छोटं संत्रं काका कधी खात नसत. "हे काय संत्रं हाय? फेकायच्याच कामाचं," म्हणत.

मी मेहकरची. वडील, म्हणजे बापू, शिवणकाम करतात. शाळा मराठी, कॉलेज सरकारी, आणि घराण्यातली पदवीधर मीच पहिली. माझ्या शिक्षणाला ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्यांची नावं मी अजून मनात धरून आहे. त्यात दिनकरकाकांचं नाव फार उशिरा आलं, पण आलं.

शनिवारी सकाळी काकांकडे बैठक असायची. मेलबर्नचा शनिवार दुपारचा सामना इथे अमेरिकेत शुक्रवारी रात्रीच होऊन जातो. पण काका तो रेकॉर्ड करून ठेवत आणि सकाळी बघत. तोवर कुणी निकाल बघायचा नाही. दारात एक वेताची टोपली असे, तिच्यात फोन ठेवूनच आत यायचं. येणारे फार नव्हते. पुण्याचा अनिकेत यायचा, माझ्याच सॉफ्टवेअर कंपनीतला, आकडेवारीत बुडालेला. काकू स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसत. आणि मी, कारण खालच्या खोलीत राहून वरून येणारा, कोथिंबीर भरून तळलेल्या पुडाच्या वडीचा वास टाळणं शक्यच नव्हतं. बाहेर पाऊस म्हणावा की नाही असा पाऊस, छपरावर शेवाळ, खिडकीत देवदाराची काळी झाडं. आत पडद्यावर ऊन पडलेलं हिरवंगार मैदान. कुठल्या देशात, कुठल्या ऋतूत बसलोय ते विसरायला व्हायचं.

त्या वर्षी काकांच्या क्लबनं एक नवा मुलगा घेतला होता. तिथं दरवर्षी हंगाम संपला की अठरा वर्षांच्या आसपासची मुलं क्लब वाटून घेतात. जो क्लब तळाला, त्याची निवड आधी. काकांचा क्लब तळालाच होता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फार नाव झालेला मुलगा आला. गव्हाच्या शेतांमधल्या कुठल्याशा छोट्या गावातला, ताडमाड उंच, हातापायांच्या नुसत्या काड्या. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव शेवगा ठेवलं. त्याचं खरं नाव त्या घरात नंतर कुणी उच्चारलंच नाही.

शेवगा चालेना. सामन्यामागून सामना तो मैदानभर नुसता पळायचा आणि चेंडू दुसऱ्याच कुणाकडे असायचा. इंटरनेटवर क्लबचे चाहते खवळले होते. निवड वाया घालवली, म्हणत होते.

"काका, खरं सांगू का, हा फ्लॉप आहे," अनिकेत म्हणाला. "मी सगळे नंबर चेक केले. याला ट्रेड करून टाकावं, यार."

"तू काय पाहिलंस, ते सांग," काका म्हणाले. "तुला काय वाटलं ते नको."

हा त्या घरचा नियम होता. प्रत्येकानं सामन्यात आपल्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगायची. चांगला, वाईट, फ्लॉप, स्टार हे शब्द पहिल्या हंगामात कुणाबद्दल काढायचे नाहीत. अनिकेतला हे फार जड जायचं. "काका, मग फॅन असून उपयोग काय?" तो विचारायचा. "शिव्या द्यायला भारतातलं क्रिकेट हाय ना," काका म्हणायचे.

माझी पाळी आली. मला खेळातलं काही कळत नव्हतं. "तो मोजा वर ओढतो," मी म्हणाले. "चेंडू लांब गेला की प्रत्येक वेळी."

अनिकेत हसला. काका हसले नाहीत. माझ्याकडे जरा तिरकं बघत म्हणाले, "हिनं पाहिलं बरं का."

ते माझ्याकडे नेहमीच तिरकं बघत. मला तो त्यांचा स्वभाव वाटला होता. एकदा कोथिंबीर निवडताना काकू सहज म्हणाल्या, "डोळ्यांचा मधला भाग गेलाय गं त्यांचा. समोर धरलेलं दिसत नाही, बाजूचं दिसतं. माझा चेहरा बघायचा तर त्यांना माझ्या कानाकडे बघावं लागतं." मग त्या हसल्या. "म्हणून हल्ली मी कानातले बदलत असते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शनिवारी आम्ही जे सांगायचो, त्यातून ते सामना जोडत होते. चेंडूजवळची गर्दी त्यांना आमच्याकडून मिळायची. कडेचं त्यांचं त्यांना दिसायचं.

शेवग्याचं चालेना आणि तिकडे माझंही. वर्ष भरत आलं तेव्हा माझ्या मॅनेजरनं, डाना तिचं नाव, मला बसवून सांगितलं की माझ्या कामाबद्दल तिला खात्री वाटत नाही. आणखी तीन महिने बघू, म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. पण अर्थ मला कळला. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की मेहकर. परत जायची लाज नव्हती. पण बापूंनी गल्लीतल्या प्रत्येक घरी पेढे दिले होते, आणि धाकट्या भावाचं कॉलेज माझ्या पगारावर चालू होतं.

त्या शनिवारी मी वडीला हात लावला नाही. काकूंनी विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

"काय म्हणाली ती, नेमकं?" काकांनी विचारलं.

"मीटिंगमध्ये तू असल्याचं जाणवत नाही, म्हणाली."

"ते तिला वाटलं. तिनं पाहिलं काय?"

मी विचार करायला लागले. मी काम करत होते, चांगलं करत होते. ते दुसऱ्याच्या कामात मिसळून पुढे जात होतं. मीटिंगमध्ये मी वही उघडून बसत होते आणि कुणी विचारलं तर उत्तर देत होते. कुणी विचारत नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. "तिनं काहीच पाहिलं नाही."

काकांनी अनिकेतला सामना मागे घ्यायला लावला. "थांब. चेंडू सोड. उजव्या कडेला बघा. शेवगा हाय ना तिथं?"

होता. एकटा. आजूबाजूला प्रतिस्पर्धी कुणी नाही. चेंडू घेऊन येणारा त्याला बघतही नव्हता.

"मले कडेचंच दिसतं, म्हणून दिसलं," काका म्हणाले. "पोट्टं दर वेळी बरोबर जागी पोचते. पण हात बघा त्याचे. खाली. तोंड बंद. या खेळात ओरडून मागा लागते, बापा. मागे वळून कोण बघणार? लहान गावचं पोट्टं हाय. कुणी देईल म्हणून उभं राहते."

अनिकेतनं तोच तुकडा पुन्हा लावला. मी पडद्याकडे बघत राहिले. आमच्या शाळेत बाईंनी नाव घेतलं की उभं राहायचं, एरवी बसून राहायचं. पुढे होऊन काही मागणं आमच्या घरी उद्धटपणात मोडायचं. तोवर मी त्याला संस्कार समजत आले होते, आणि अजूनही पूर्ण चुकीचं समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या मुलांच्या मैदानावर दाट धुकं होतं. काकांनी मला हाक मारली. हातात संत्र्यांची जाळी. "तू जा तिकडे, पार टोकाला," म्हणाले. मी चालत गेले. मागे वळून बघितलं तर काका नाहीत, घर नाही, कुंपण नाही. सगळीकडे पांढरं. पायांखालचं गवत तेवढं खरं होतं.

"मी फेकतो," धुक्यातून आवाज आला. "तू कुठं हायेस?"

"इथे," मी म्हणाले.

एक संत्रं लांब कुठेतरी धप्पकन पडलं.

"कुठं?"

"इथे, काका."

दुसरं पडलं. तेही भलतीकडेच. कुत्रं फिरवणारी एक बाई धुक्यातून उगवली, माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा धुक्यात गेली. मला फार लाज वाटली.

"मले तसंही दिसत नाही अन् धुक्यात तर कुणालाच दिसत नाही," काका म्हणाले. "आता सांगितल्याशिवाय कसं समजन?"

मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. "माझ्याकडे!" असंच काहीतरी असावं. एवढ्या मोठ्यानं मी मेहकर सोडल्यापासून, कदाचित त्याआधीही, कधी ओरडले नव्हते. पांढऱ्यातून एक केशरी ठिपका निघाला आणि मोठा होत थेट माझ्याकडे आला. मी तो झेलला. छातीवरच. चेपलेल्या संत्र्यांचा काकूंनी रस काढला आणि आम्हा दोघांना सक्तीनं प्यायला लावला.

पुढच्या मीटिंगमध्ये डाना नव्या कामाची वाटणी करत होती. मी हात वर केला. मी म्हटलं, मागच्या कामातला हा भाग मी लिहिला आहे, आणि पुढचा मला हवा आहे. मग डाना म्हणाली, ठीक आहे, तू घे.

घरी आल्यावर काका जिन्यातच उभे होते. "काय पाहिलंस?"

"तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बघितलं."

"झालं तर," ते म्हणाले.

तीन महिन्यांनी डानानं मला तो विषय संपल्याचं सांगितलं. मी राहिले. पेढे मिळत नव्हते म्हणून काकूंनी दूध आटवून घरीच केले.

शेवगा मात्र दुसऱ्या हंगामातही बहुतेक राखीव संघातच बसला. काकांचं हृदय दमत चाललं होतं. हिवाळा संपता संपता त्यांचा पलंग टीव्हीच्या खोलीत आणला. आता ते पडद्याकडे तोंडही करत नसत. डोळे मिटून ऐकत. शनिवारी आम्ही पाळीपाळीनं बोलत राहायचो. अनिकेत आकडे विसरून सावल्या कुठवर आल्या तेसुद्धा सांगायला लागला होता.

शेवटच्या शनिवारी शेवग्याला खेळवलं होतं. तिसऱ्या सत्रात तो उजव्या कडेनं पळाला, मोकळ्या जागी पोचला, आणि मी खुर्चीच्या कडेवर आले.

"काका, त्यानं हात वर केला."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तोंड?"

"उघडं आहे. ओरडतोय."

"चेंडू दिला का त्याले?"

चेंडू दुसऱ्याकडे गेला होता, आणि तिथून मैदानाबाहेर. अनिकेतनं माझ्याकडे बघितलं. काकू वडीची बशी घेऊन दारात थांबल्या होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं. पण त्या घरात मी एकच गोष्ट शिकले होते.

"नाही दिला, काका."

"बरं," काका म्हणाले. त्यांचा हात चादरीवर जरासा हलला. "पण मागितलं ना त्यानं."

पुढच्या शनिवारच्या आत ते गेले. मुलगा आला, सगळं रीतसर झालं. काकूंनी त्याच्याबरोबर जायचं नाकारलं. मीही त्याच खोलीत राहिले.

हंगाम संपला तसं क्लबनं शेवग्याला मोकळं केलं. चाहत्यांनी दोन दिवस आम्ही म्हणतच होतो असं लिहिलं, आणि मग ते पुढच्या मुलांच्या मागे लागले. पण अनिकेतनं त्याचा माग सोडला नाही. एका शनिवारी तो फोन टोपलीत न ठेवताच वर आला. शेवगा आपल्या गावच्या संघाकडून खेळत होता, आणि कुणीतरी कुंपणाशी उभं राहून हलत्या हातानं त्याचा व्हिडिओ काढला होता. वाळकं गवत, चार मोटारी, मागे गव्हाची कोठारं. प्रेक्षक जवळपास नाहीतच. एवढी शांतता, की खेळाडूंचे आवाज ऐकू येत होते.

त्यांत एक आवाज सगळ्यांच्या वर होता. उंच मुलगा, हात आभाळात, घसा फाटेस्तोवर ओरडत होता. मोजा घोट्यावर घसरलेला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

काकू काकांच्या पलंगाच्या जागी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"माझ्याकडे, म्हणतोय," मी म्हणाले.