पहिली पाळी आमच्या लाइनची

माझे यजमान एकतीस वर्षं वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये होते. हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर घरोघरचे हीटर एकदम सुरू होत आणि वीज पुरेनाशी होई. सगळं शहर अंधारात जाऊ नये म्हणून एकेक लाइन पाळीपाळीने तासभर बंद ठेवावी लागे. त्या पाळ्या हे ठरवत. पहिली पाळी नेहमी आमच्या लाइनची.

"अख्ख्या शहराचं बटण तुमच्या हातात, आणि मेणबत्त्या आम्ही आणायच्या! शेजार असावा तर असा!" समोरच्या शिंपीणबाई ह्यांना ऐकवत.

"तुमची बोलणी पचली ना बाई, की बाकीच्या शहराची सहज पचतात," हे म्हणत.

ह्यांची थोरली बहीण, आक्का, दोन गल्ल्या पलीकडे, त्याच लाइनवर राहायची. एका हिवाळ्यात तिच्या यजमानांना न्यूमोनिया झाला. दुपारी तिचा फोन आला.

"बाळ्याला म्हणावं, आज आमची वीज घालवू नको. डॉक्टरांनी खोली गरम ठेवायला सांगितलीय. सांगशील ना गं?"

"सांगते, आक्का."

मी सांगितलं नाही. घरच्यांची शिफारस ह्यांच्या कानावर घालायची नाही, हा माझा मीच केलेला नियम. खरं तर त्याचा मला तोराच होता. सहाला वीज गेली, सातला आली. आक्काचे यजमान पुढे बरे झाले, पण तिने आमच्याकडे येणं सोडलं ते सोडलंच.

"माझं काय चुकलं गं?" हे विचारत. दोनदा तिच्याकडे जाऊन आले. "घरात कुणी नव्हतं," म्हणाले. मी पानं घ्यायला उठले.

ह्यांच्या निवृत्तीच्या समारंभात एक सहकारी बोलले, "घरात आजारी माणूस आहे असा फोन आला, की साहेब त्या लाइनची पाळी पुढे ढकलायचे. नियमातच होतं ते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या त्या दिवशीच्या डायरीत हाराच्या फुलांपर्यंत सगळं आहे, त्यांचं तेवढं वाक्य नाही.

आज सांगू, उद्या सांगू करत चार वर्षं गेली, आणि हे गेले.

मग मी आक्काकडे जाऊन सांगितलं.

"म्हणजे बाळ्याला ठाऊकच नव्हतं?"

"नाही."

"तो बाहेरून हाका मारत होता गं. मी आतून कडी लावून बसले होते."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला.

"आता तू जा," ती म्हणाली.