रिझाच्या लेकीचं नाक

एगबर्ट नोल्टेला कसलाही वास येत नसे. क्रोमच्या टाकीवर अडतीस वर्षं उभं राहून त्याच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. जर्मनीतल्या झाउअरलँडच्या आमच्या दरीत नळांना चकाकी चढवणाऱ्या जुन्या गड्यांचं हेच दुखणं. उन्हाळ्यात नेमबाजीची जत्रा भरली आणि बिअरचा तिसरा ग्लास झाला, की एगबर्ट एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून बाहेर काढी. सगळा मंडप हसून लोळे. एकटा रिझा हसत नसे, कारण त्याच्याही नाकाला तसंच भोक होतं.

रिझा यिल्माझ शेजारच्या टाकीवर होता. वीस वर्षं दोघांनी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांचे डबे खाल्ले. रिझाची बायको बोरेक, म्हणजे पालक भरलेली तुर्की पोळी, द्यायची, एगबर्टकडे डुकराच्या लिव्हरचं सॉसेज लावलेला पाव. रिझा तो पाव खायचा नाही, पण त्यासोबतची काकडी हक्काने उचलायचा. पुढे त्याची फुफ्फुसं निकामी झाली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तो लेकीबद्दल म्हणाला, "गुलाय आपल्याच कारखान्यात यायचं म्हणते. ऐकणार नाही ती. तू फक्त तिच्या नाकाकडे लक्ष ठेव."

गुलाय आली ती शिकून, साहेब होऊन. एगबर्टला मात्र लहानपणापासूनची 'एगबर्टकाका' हीच हाक राहिली. त्याला ते मनापासून आवडे.

टाकीत वीज सोडली की बुडबुडे फुटतात आणि आम्लाचं विषारी धुकं वर येतं. ते दाबून धरायला फेसाचं एक औषध घालत. आमच्याकडे ते उशिराच आलं, तोवर दोघांची नाकं गेली होती. पण आलं तेव्हा एगबर्टला देवच भेटल्यासारखं झालं. धुकं त्या फेसाखाली गपगार बसे. पुढे कळलं, की त्यातलं फ्लोरीनचं रसायन काही केल्या मरत नाही. धुण्याच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात गेलं, मासे खायची बंदी झाली, खालच्या वाडीच्या विहिरींना कुलपं लागली. मग ते बंद करायचा हुकूम आला.

गुलायने पुढाकार घेतला. उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकी रिकामी केली, आतलं अस्तर बदललं आणि फ्लोरीन नसलेलं नवं औषध आणलं. मालकाला म्हणाली, "हे जमतं. माझ्या सहीवर लिहून देते." नवं औषध नाजूक होतं. आम्ल ते खाई, म्हणून दर चार तासांनी पुन्हा घालावं लागे. एगबर्टने तो पातळ फेस पाहिला आणि याखाली धुकं दबणार नाही, असं त्याला वाटलं. जुन्या औषधाचे कॅन परत पाठवताना त्याने एक आपल्या कपाटात, बुटांच्या मागे सरकवला. रोज सकाळी गुलाय यायच्या आधी तो त्यातलं अर्धा कप औषध टाकीत ओती. पापभीरू माणूस, पण याबाबतीत त्याला जरासुद्धा लाज वाटली नाही.

पाण्याच्या तपासणीत जुनं रसायन सापडलं. दुसऱ्या महिन्यात जास्तच सापडलं. मालक म्हणाला, पुढचा नमुनाही असाच आला तर टाकी बंद, आणि सही करणारीने आपलं बघावं. गुलायच्या डोळ्यांखाली काळं पडलं. एगबर्ट तिला कॉफी ओतून द्यायचा आणि सकाळी पुन्हा कपाट उघडायचा.

एका शनिवारी तो हातमोजे विसरले म्हणून कारखान्यात गेला. टाकी उपसलेली होती. गुलाय मुखवटा लावून आत गुडघ्यांवर बसली होती आणि कोपऱ्यातलं अस्तर खरवडत होती. डोकं पार टाकीच्या तळाशी.

"बाहेर ये," एगबर्ट म्हणाला.

"थांबा काका. माझ्याच हातून जुनं औषध कुठेतरी राहिलंय. सांध्यात असणार."

"सांध्यात नाहीये. बाहेर ये म्हणतो ना, पोरी."

त्याने कॅन आणून तिच्यापुढे ठेवला. ती कॅनकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"रोज?"

"रोज."

"मी तीन महिने झोपले नाही, काका. मला वाटलं, मला कामच येत नाही."

"तुझ्या बापाने सांगितलं होतं, नाकाकडे लक्ष ठेव म्हणून."

"मग नाकाकडे ठेवायचं होतंत. टाकीत कशाला हात घातलात?" तिने मुखवटा ओढून काढला आणि तिथेच, टाकीच्या काठाला टेकून रडली. एगबर्टला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

बऱ्याच वेळाने तिने कॉलरला लावायचा छोटा पंप आणून दाखवला. दिवसभर तिच्या श्वासाजवळची हवा तो ओढून घेई; त्यावरून नाकात किती धुकं जातं ते मोजता येई. उन्हाळ्यापूर्वीचे, जुन्या फेसाचे आकडे तिने त्याच्यापुढे ठेवले. नव्या फेसाचे अजून कोणालाच ठाऊक नव्हते, कारण नवा फेस एकटा कधी राहिलाच नव्हता.

सोमवारी तो स्वतः मालकाकडे गेला आणि सगळं लिहून देऊन खाली सही केली. अडतीस वर्षांची नोकरी त्याच दुपारी संपली. निरोप नाही, केक नाही. गुलायची टाकी मात्र सुरू राहिली. पुढच्या नमुन्यात आकडा उतरला. शून्य झाला नाही, पण मर्यादेत आला. पंपाचा आकडाही मर्यादेतच होता. ती बातमी तिने त्याला फोनवर सांगितली. तो नुसता "बरं" म्हणाला.

त्या शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ती त्याच्या स्वयंपाकघरात आली. खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि मान मागे टाकली.

"बघा," ती म्हणाली.

एगबर्टने चष्मा चढवला, विजेरी धरली. एक नाकपुडी बघितली, मग दुसरी. गरज होती त्याहून बराच जास्त वेळ तो बघत राहिला.

"साफ आहे," तो म्हणाला.

"पुढच्या शुक्रवारी येते," गुलाय म्हणाली. तेव्हापासून तिचा एकही शुक्रवार चुकलेला नाही.