फोटोखालचा नंबर

फोटो स्टुडिओत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पासपोर्ट फोटोंसारखे उरतात. माणूस आठ कॉपी काढतो, सहा नेतो, दोन माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. राळेगावात एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे आणि सकाळी दहाच्या सुमारास बाकड्यावर तिघं असतातच. मेश्राम गुरुजी, रिटायर्ड, ज्यांना सरकारपासून सिमकार्डापर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत आहे. बबन, शेजारचा रिचार्जवाला. आणि गुणवंतकाका, जवळच्या खेड्यातले. काकांना विचारल्याशिवाय त्यांच्या गावात कोणी कपाशीच्या बियाण्याची पिशवी फोडत नसे.

'नसे' असं लिहावं लागतं, याला थोडाफार मी जबाबदार आहे. म्हणून हे किस्से मी हसत सांगायला घेतो, पण हसू काही शेवटपर्यंत टिकत नाही.

*

एका बियाणे कंपनीचा साहेब दुकानात आला. पत्रकावर छापायला शेतकऱ्याचा फोटो पाहिजे होता. मीच म्हणालो, "आपले काका आहेत की!"

शेतात जाऊन पाहिलं, तर काकांची कपाशी चांगली होती, पण साहेबाला पाहिजे होती तशी लगडलेली नव्हती. त्याने माझ्या कानात काहीतरी सांगितलं. मग मी बाजूच्या चार झाडांच्या बोंडं लागलेल्या फांद्या तोडून आणल्या आणि काकांसमोरच्या झाडाला दोऱ्याने बांधल्या. दोरा माझ्याच बॅगेतला, लग्नात हार सरळ राहावा म्हणून ठेवतो तो.

काका बघत उभे होते. "दिनू, एका झाडाले एवढे बोंडं कुठं रायते बावा?"

"फोटोत राहतात, काका," मी म्हणालो.

साहेब पोट धरून हसला. मलाही वाटलं, काय भारी बोललो. आता ते वाक्य आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. साहेबाने काकांना गुलाबी फेटा बांधला, एका इंग्रजी कागदावर सही घेतली आणि मोबाइल नंबर विचारला. काकांना वाटलं, फोटो पाठवायला पाहिजे असेल. तो कागद मीही वाचला नाही.

*

पत्रक छापून आलं. वर फेट्यातले काका, खाली नाव, गाव आणि ठळक आकड्यांत त्यांचा नंबर. 'खात्री करण्यासाठी शेतकऱ्याशी स्वतः बोला.'

पहिला फोन बाभुळगावहून आला. काका जेवत होते. हात न धुता अर्धा तास बोलले. जमीन कशी, पाणी किती, गेल्या साली काय लावलं होतं, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "पाणी असन तं लावा. कोरडवाहू असन तं इचार करा."

असे रोज पाच-सात फोन. काकांना मजा वाटायची. दुकानात येऊन सांगायचे, "आज दारव्ह्याचा होता. लय सभ्य माणूस."

आठव्या दिवशी साहेबाचा फोन आला. "काका, एवढं खोलात जाऊ नका. माणसं गोंधळतात. तुम्ही फक्त 'चांगलं आहे' एवढंच म्हणा."

काका म्हणाले, "मंग माहा नंबर कायले छापला? टेप लावून द्यायची ना."

*

गुरुजींना हे अजिबात पटलं नव्हतं. "नंबर ही खाजगी गोष्ट आहे," ते म्हणायचे. "मी गॅसवाल्यालेही खरा नंबर देत नाही. उद्या या कंपन्या तुमच्या सैपाकघरात येऊन बसतीन."

गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नुकताच निघाला होता. बबनने गुरुजींना त्यात घातलं. त्याच संध्याकाळी गुरुजींनी भलामोठा मेसेज टाकला. माझा मोबाइल नंबर माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही देऊ नये, अन्यथा कायदेशीर कारवाई करीन. आणि खाली, उभा जन्म अर्ज लिहिण्यात गेल्यामुळे, पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर.

मेसेज तालुकाभर फिरला. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विम्याचे चार फोन आले. ते बाकड्यावर बसून प्रत्येकाला शांतपणे सांगत होते, "हा नंबर मेश्राम गुरुजींचा नाही." चौथा म्हणाला, "पण सर, तुम्हीच तर लिहून पाठवला आहे."

*

निवडणूक लागली. फ्लेक्सचं काम माझ्याकडे. एका पक्षाचे कार्यकर्ते म्हणाले, "एखादा चांगला शेतकरी टाक रे कोपऱ्यात." कंप्युटरमध्ये काकांचा फेटेवाला फोटो होताच, टाकला. दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचेही आले आणि तेच म्हणाले. मीही तेच केलं.

स्टँडच्या डाव्या हाताला काका एका पक्षाचे शुभेच्छुक आणि उजव्या हाताला दुसऱ्याचे. काका एसटीतून उतरले आणि दोन्हीकडे बघत मधोमध उभे राहिले. मग दुकानात आले.

"दिनू, म्या मत कोनाले द्यू?"

गुरुजी म्हणाले, "काका, तुम्हीच उभे रहा. प्रचार तं होऊनच राह्यला."

सगळे हसले, काकाही हसले. मी आधी त्यांना विचारलं नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीचं विचारायचं काय, असंच तेव्हा वाटलं. चूक होती ती.

*

मग बोंडअळीचं साल आलं. बाहेरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी. जिल्ह्यात कोणाचंही शेत सुटलं नाही. काकांचंही नाही.

फोन पुन्हा सुरू झाले. बाभुळगाव, दारव्हा, सगळीकडून. आता कोणी पाणी-जमिनीचं विचारत नव्हतं. काकू म्हणाल्या, "बंद करून ठेवा तो डबा." बबन नवीन सिम घेऊन घरी गेला. फुकट देत होता.

काकांनी घेतलं नाही. "नंबर बदलला तं त्यायले वाटन, पळून गेला."

एकदा दुकानातच राजूरहून एकाचा फोन आला. कोळशाच्या खाणीत नोकरी आणि बापाची शेती. तो बराच वेळ शिव्या देत होता. तो दमल्यावर काका म्हणाले, "बाबू, माह्याही शेतात तेच हाय. येऊन पाह्यशीन तं दाखोतो. ये एक दिवस, जेवाले ये."

तिकडून फोन कट झाला.

साहेबाचा नंबर आम्ही चौघांनी आपापल्या मोबाइलवरून लावून पाहिला. प्रत्येक वेळी रेकॉर्डमधली तीच बाई, 'आपण संपर्क केलेल्या व्यक्तीचा मोबाइल बंद आहे.' गुरुजी म्हणाले, "ज्याची कंपनी हाय त्याचा नंबर बंद आन् ज्याची काही नाही त्याचा चालू." कोणी हसलं नाही.

पुढच्या पेरणीला काकांच्या गावातली पोरं बियाणं घ्यायला आली, ती काकांच्या घरावरून सरळ स्टँडवर. राम राम करायची, तब्येत विचारायची. कोणतं लावायचं, ते मात्र कोणी विचारलं नाही. काका ओसरीवर बसून राहायचे. हे मला काकूंनी सांगितलं. काका मात्र त्या फोटोबद्दल मला कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

*

हा शेवटचा. त्याच्याही पुढच्या पेरणीच्या आधीचा.

बबनचा साळा तेलंगणात आदिलाबादकडे असतो. तो आला आणि त्याने खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. सगळं तेलुगू. वर गुलाबी फेट्यातले आमचे काका. बियाण्याचं नाव नवीन. साळ्याने खालच्या ओळी वाचून दाखवल्या. नाव कोणा यल्लय्याचं, गाव तिकडचं, नंबरही तिकडचा.

गुरुजी भडकले. "केस करा. चेहरा तुमचा, नाव दुसऱ्याचं. हा गुन्हा आहे."

मी खाली मान घालून बसलो होतो. फोटोची फाइल मीच कंपनीला ईमेल केली होती.

काकांनी पत्रक बराच वेळ हातात धरलं. मग बबनला म्हणाले, "लाव त्या मानसाले फोन."

"कायले, काका?"

"त्याले शिव्या पडत असतीन ना बापा."

बबनने फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडे एका माणसाने दबकत 'हॅलो' म्हटलं, जणू फोनची भीती वाटत असावी.

"भाऊ," काका आपल्या हिंदीत म्हणाले, "वो कागद पे नंबर तुमारा है, पन फोटो मेरा है. लोगां तुमको गालियाँ देते होंगे. वो मेरे को आना चाहिए था. माफ करना."

मग तो म्हणाला, "आप वो पगड़ीवाले काका?"

"हाँ."

"पिछले साल दुकान में आपका बड़ा फोटो लगा था. वो देखके ही मैं बीज लिया. दुकानवाला नंबर माँगा, दे दिया. छाप देंगे, मालूम नहीं था."

बाहेर पांढरकवड्याची गाडी लागली होती, कंडक्टर बेल मारत होता.

"काका, अच्छा हुआ आप ही का फोन आया," तिकडून आवाज आला. "इस साल कौन सा लगाऊँ, आप बोलो."

काकांचे ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो चालू फोन माझ्यापुढे धरला.

"घे दिनू," म्हणाले, "सांग त्याले."